पल्लवी मुरगूडकर नावाची फाईल

तुमचं मूल दवाखान्यात असेल, तर हे वाचायच्या आधी एक काम करा. खाटेला अडकवलेल्या कागदावर मुलाचं नाव, तुमचं नाव आणि आडनाव बरोबर लिहिलंय का ते बघा. चुकलं असेल तर आजच्या आज दुरुस्त करून घ्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

माझ्या मुलीच्या कागदावर आडनाव चुकलं होतं. लिहिणाऱ्याची चूक नव्हती. मी सांगितलं तेच त्यानं लिहिलं होतं.

मी दिनकर कांबळे, मूळ गाव मुरगूड. कोल्हापुरात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. आलेल्या अर्जावर तारखेचा शिक्का मारायचा, नंबर घालायचा, अर्जदाराला पोच द्यायची. तोंडी मागणीला आमच्याकडं कुणी उत्तर देत नाही आणि लेखी अर्जाला उत्तर द्यावंच लागतं, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. पुढं मी जे केलं नाही, ते मला माहीत नव्हतं असं कुणाला वाटू नये, म्हणून हे आधी सांगतो.

खोली

पल्लवीला बालवाडीत घालायच्या वेळी आम्ही कोल्हापुरात खोली शोधत होतो. मी, सुमन आणि पोरगी. सुमन म्हणजे माझी बायको, मलकापूरची. दहा-अकरा ठिकाणी गेलो. खोली दाखवायचे, भाडं सांगायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की घरात कुणालातरी विचारायचं राहिलेलं असायचं. "बघून सांगतो" म्हणायचे.

पेठेतल्या एका गल्लीत अण्णांचं घर होतं. दोन खोल्या, नळ आत. अण्णांनी विचारलं, "पावणं, नाव काय तुमचं?" मी म्हणालो, दिनकर मुरगूडकर. मी मुरगूडचाच होतो, तेव्हा हे काही खोटं नव्हे, असं मी त्याच क्षणी स्वतःला समजावलं. अण्णांनी खोली दिली.

सुमनला मी रस्त्यात सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "बाबासाहेबांचा फोटो कुठं लावायचा मग?"

फोटो आम्ही कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं लावला. सकाळी कपाट उघडून ती हात जोडायची आणि दार लावायची. त्या घरात साडेतीन वर्षं तिनं हे केलं. मला तोंडावर एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

शाळेत पल्लवी कांबळेच होती, कारण जन्माचा दाखला तसा होता. रेशनकार्डावर, माझ्या कार्यालयात, बँकेत आम्ही कांबळे. मुरगूडकर फक्त गल्लीत.

सूज

दोन हजार साल, दिवाळीची सुट्टी संपली होती. पल्लवी दुसरीत. सकाळी उठली ती डोळे सुजवून. काहीतरी चावलं असेल म्हणून सुमननं गरम कापडानं शेकलं. दुपारपर्यंत सूज उतरली, दुसऱ्या दिवशी परत. चार-पाच दिवस असंच. मी कार्यालयात जात राहिलो. रात्री टीव्ही जास्त बघते म्हणून तिलाच रागावलो.

एके सकाळी ती पायरीवर बसून बूट घालत होती आणि बूट जात नव्हता. अण्णा अंगणात दात घासत होते. त्यांनी वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि तो भरून येईना.

"आरं ही साधी सूज न्हवं," अण्णा म्हणाले. "चला, गाडी काढतो."

अण्णांनी स्वतःच्या व्हॅनमधून आम्हाला एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. त्या दिवशी अण्णा नसते तर मी संध्याकाळची वाट बघितली असती, हे मी विसरलेलो नाही. पुढचं जे काही लिहिणार आहे ते वाचताना तुम्हीही विसरू नका.

काउंटरवरच्या माणसानं विचारलं, पेशंटचं पूर्ण नाव? मी म्हणालो, पल्लवी दिनकर. आणि थांबलो. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. धीर द्यायला ठेवला होता त्यांनी.

"मुरगूडकर," मी म्हणालो.

सुमननं पोरीला कडेवर घेतलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

लघवी तपासली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून चालली आहेत. मुलांना होतो हा आजार, बहुतेकांचा बरा होतो, पण वेळ लागतो आणि उलटतो. मी विचारलं किती वेळ. ते म्हणाले, काही वर्षं. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी मान डोलावून बाहेर आलो आणि जिन्यात बसलो.

तिथले दिवस

सकाळी वजन. मग बाटलीत लघवी. मग गोळ्या. जेवण आळणी. वॉर्डातली आया रोज दारातून हाक मारायची, "मुरगूडकर बेबी, चला वजनाला!" आणि पल्लवी ढिम्म बसून राहायची. तिला कुणी हाक मारतंय हेच तिला कळायचं नाही. आयाला वाटलं पोरगी बहिरी आहे. तिनं तसं सिस्टरला सांगितलंसुद्धा.

मग मी पोरीला समजावलं की इथं आपलं नाव मुरगूडकर आहे.

"का?"

"हितं तसंच असतंय."

तिला पटलं. दवाखान्यात कपडे वेगळे, जेवण वेगळं, तसं नावही वेगळं असणार.

आळणी जेवणाचा तिला सगळ्यात जास्त त्रास. एकदा हॉस्पिटलच्या बाहेर मी उभ्या उभ्या भडंग खाल्लं. हात धुतले, रुमालाला पुसले, वर गेलो. तिनं माझा हात धरून नाकाशी नेला. लसणाचा वास होता. त्या दिवसापासून ती बरी होईपर्यंत मी भडंग खाल्लं नाही. हे काही मोठं केलं असं नाही. जे मोठं करायचं होतं ते मला जमलं नाही, म्हणून असल्या लहान गोष्टी पाळत राहिलो.

घरी आल्यावर रोज सकाळी तिची लघवी परीक्षानळीत घेऊन तापवायची. स्वच्छ राहिली तर बरं. दह्यासारखी पांढरी झाली तर आजार परत आला. हे काम सुमन करायची, स्टोव्हच्या ज्वाळेवर, चिमट्यानं नळी धरून. शंभर पानी वहीत तारीख आणि समोर काय दिसलं ते लिहायचं. पल्लवीला नळी बघून कळायला लागलं तेव्हा वही तिनं स्वतःकडं घेतली. स्वच्छ असेल तर टिंब, पांढरी असेल तर फुली.

गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला. वर्गात तिला फुगा म्हणायचे. घरी येऊन ती हे तक्रार म्हणून सांगायची नाही, बातमी म्हणून सांगायची.

पहिली सुई

चार महिन्यांत आजार तीनदा उलटला. डॉक्टर म्हणाले, पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासायला लागेल. मार्चचा शेवटचा आठवडा होता. सरकारी नोकरीत मार्चअखेर म्हणजे काय ते करणाऱ्यालाच कळेल. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा दिली. मी बाराला पोचलो, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. सकाळी नऊलाच घेतलं होतं तिला. सुमन एकटी होती. कागदावर सहीसुद्धा तिनंच केली होती.

पल्लवीला चोवीस तास पाठीवर न हलता पडून राहायचं होतं. तिनं मला सांगितलं, पालथं झोपवतात, पोटाखाली उशी घालतात, दोघंजण धरतात आणि बंदूक उडाल्यागत आवाज येतो. मग म्हणाली, "पप्पा, परत पाठीत सुई न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो. "एकदाच असती ती."

पंधरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट आला, ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा. कागद मी बघितला नाही. मागितलाही नाही. फाईल तिथंच राहायची. आम्हाला मिळाले ते एक डिस्चार्ज कार्ड. त्यावर एक ओळ होती: तुकडा तपासला, रिपोर्ट फाईलमध्ये.

मिरज

पुढच्या दिवाळीपर्यंत पल्लवीचं पोट पाण्यानं भरायला लागलं. गोळ्या लागू पडत नव्हत्या. डॉक्टर म्हणत होते, तुम्हीच पथ्य पाळत नसाल. सुमन हे ऐकून घरी येऊन रडली. मिठाचा डबा तिनं वर्षभर घरात ठेवला नव्हता. आम्हीसुद्धा आळणी खात होतो.

कुणीतरी मिरजेचे डॉक्टर सांगितले. आम्ही तिघं एसटीनं गेलो. तिथं नाव नोंदवायच्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना पल्लवीनं माझा शर्ट ओढला.

"पप्पा, हितं आपलं नाव काय हाय?"

रांगेतल्या बाईनं वळून बघितलं. मी पोरीला म्हणालो, कांबळे. ती म्हणाली, "खरंच?"

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला नीट तपासलं. कार्डावर मुरगूडकर का, असं विचारलं. तिथं चुकून पडलं, मी म्हणालो. ते म्हणाले, "औषध बदलायला लागणार आहे आणि ते औषध कडक आहे. पहिल्या तुकड्यात काय दिसलं ते बघितल्याशिवाय मी देणार नाही. त्या रिपोर्टची कॉपी आणा."

मी विचारलं, नाही मिळाली तर?

"तर परत काढावा लागेल. पण सूज बघताय ना तुम्ही? मी आठ दिवस थांबू शकतो."

पल्लवी तपासणीच्या टेबलावर बसून ऐकत होती. परतीच्या एसटीत तिनं मला सुईचं परत तेच विचारलं, आणि मी परत न्हाई म्हणालो. कागद आहे की आपला. नुसता आणायचा.

आठ दिवस

पहिल्या दिवशी मी कोल्हापूरच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, रिपोर्ट चांगला होता हे मी तुम्हाला सांगितलं आहे, दुसऱ्या डॉक्टरला कागद कशाला पाहिजे? माझ्यावर विश्वास नसेल तर खुशाल तिकडं जा. मी हात जोडले. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खिडकीपाशी गेलो. आत स्वेटर घातलेला एक कारकून होता. माझ्यासारखाच. टेबलावर शिक्का, पॅड, रजिस्टर.

"पावणं, फाईल दवाखान्याची असती. तुमची न्हवं."

"मुलगी तर माझी हाय की."

"तुमची कशावरनं?"

मी पिशवीतून रेशनकार्ड काढून दिलं. त्यानं ते वाचलं, रजिस्टरवर बोट फिरवलं, परत रेशनकार्ड वाचलं.

"तुमी कांबळे. हितं पोरीचा बाप मुरगूडकर हाय." आणि मग मागं उभ्या असलेल्यांकडं बघत म्हणाला, "बाप दोन हायत व्हय पोरीला?"

मागचे हसले. मी रेशनकार्ड पिशवीत घातलं आणि बाहेर आलो.

मी निघताना तो एक गोष्ट बरोबर बोलला होता. लेखी अर्ज करा म्हणाला. अर्ज म्हणजे माझा रोजचा धंदा. पण अर्जाच्या खाली नाव लिहायला लागतं. कांबळे लिहिलं तर मी तिचा बाप नव्हे. मुरगूडकर लिहिलं तर पुरावा नाही. दोन्ही लिहिली, तर ही एकच व्यक्ती आहे हे सांगणारा साक्षीदार पाहिजे, आणि त्या दवाखान्यात आम्हाला आणणारा, रोज डबा घेऊन येणारा, सगळ्यांनी बघितलेला साक्षीदार एकच होता. अण्णा.

मी अण्णांकडं गेलो नाही.

रोज जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलात जायचो. कधी खिडकीपाशी गेलो, कधी लांबूनच कारकून बदललाय का बघून परत फिरलो. संध्याकाळी सुमन विचारायची, मिळाला? मी सांगायचो, त्यांचा नियमच नाही कागद द्यायचा, मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय, उद्या बघू. आडनावामुळं अडलंय हे मी तिला सांगितलं नाही. तिनं साडेतीन वर्षं न बोललेलं वाक्य त्या वेळी ती बोलली असती, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

पल्लवी संध्याकाळी माझ्या पिशवीत डोकावायची. ती मला काही विचारायची नाही.

आठव्या दिवशी मी अण्णांच्या दारात गेलो. ते पेपर वाचत बसले होते. त्यांच्या मंडळींनी चहा आणला. मी सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा काढला.

"म्हंजे तुमी..."

"होय," मी म्हणालो.

त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, की दिनकर मुरगूडकर म्हणून मी ओळखतो ते आणि दिनकर कांबळे हे एकच, आणि पल्लवी ही त्यांची मुलगी. खाली सही केली. कागद देताना म्हणाले, "आदी सांगितला असतासा तर..." आणि थांबले. ते वाक्य कसं पुरं होणार होतं हे मला आजही माहीत नाही. लगेच चिठ्ठी दिली असती, की खोलीच दिली नसती? मी दोन्ही तऱ्हेनं ते पुरं करून बघितलंय.

दोन महिन्यांनी त्यांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मुलाचं लग्न ठरलंय म्हणाले. लग्न झालं चार वर्षांनी.

दुसरी सुई

ती चिठ्ठी घेऊन दुसऱ्या दिवशी गेलो. कारकून म्हणाला, असली चिठ्ठी चालत नाही, स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा. ते करून घेतलं. मग म्हणाला, डॉक्टरांची सही लागेल आणि डॉक्टर बाहेरगावी आहेत. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीला श्वास घेताना धाप लागत होती. आम्ही मिरज गाठली.

डॉक्टरांनी माझ्या हातांकडं बघितलं. हातात फक्त डिस्चार्ज कार्ड होतं. पाणी उतरवायला दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी सुई ठरली.

या वेळी मी हजर होतो. तिला पालथं झोपवलं. तिचे दोन्ही हात माझ्या हातात होते. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, तुमी न्हाई म्हणला व्हता."

रागानं नाही म्हणाली. चूक दुरुस्त करावी तसं म्हणाली. आवाज दोनदा झाला, कारण पहिल्यांदा तुकडा नीट आला नाही.

नंतरचे चोवीस तास शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईनं, रझियाभाभींनी काढून दिले. त्यांनी मेंदीचा कोन आणला आणि पल्लवीच्या दोन्ही तळव्यांवर काढायला बसल्या. म्हणाल्या, "हिललीस तर बिगडेल बघ." एक हात वाळला की दुसरा, मग बोटं, मग मनगट. पोरगी हलली नाही. सबंध आजारपणात कुणी तिच्यासाठी इतका वेळ लावून काही केलं असेल तर ते त्या बाईंनी. त्यांचं स्वतःचं पोरगं तिथंच सलाइनवर होतं.

औषध बदललं. सहा महिन्यांनी वहीत टिंबंच टिंबं दिसायला लागली.

पोच

दोन हजार तीन साली तपासणीला गेलो असताना मिरजेचे डॉक्टर म्हणाले, आता नियम झालाय. पेशंटनं किंवा त्याच्या पालकांनी लेखी मागणी केली की बहात्तर तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. नवे आलेले बरेच लोक असे कागद मागत नाहीत, तुम्ही चार जणांना सांगा.

आता त्या कागदाचा काही उपयोग नव्हता. तरी मी अर्ज केला. खाली नाव लिहिलं दिनकर कांबळे, आणि प्रतिज्ञापत्राची प्रत जोडली. खिडकीत तोच कारकून होता. त्यानं अर्ज ठेवून घेतला. मी म्हणालो, दुसऱ्या प्रतीवर पोच द्या. शिक्का, तारीख, सही. तो म्हणाला, असलं काही आम्ही देत न्हाई. मी म्हणालो, मीही हेच काम करतो, शिक्का तुमच्या डाव्या हाताला आहे. त्यानं दिली.

तिसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला. बाप दोन आहेत का, असं या वेळी कुणी विचारलं नाही.

गठ्ठा घरी नेला. आता आम्ही शहराबाहेर राहत होतो, दारावर कांबळे अशी पाटी होती आणि फोटो भिंतीवर. सुमन मेथी निवडत होती. मी एकेक पान बघत गेलो. रिपोर्ट सापडला. मिरजेच्या रिपोर्टशी ताडून बघितला. शब्द थोडे वेगळे, निदान तेच. दुसरी सुई लागतच नव्हती. आणि त्या कागदात दडवण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं. कागद द्यायचा नसतो, एवढ्याच सवयीनं त्यांनी तो धरून ठेवला होता. माझ्या पोरीला भोसकलं ते या सवयीनं. माझीही चूक होती म्हणून त्यांची मी माफ केलेली नाही.

रिपोर्टच्या मागच्या पानावर संमतीपत्र होतं. पहिल्या सुईच्या वेळचं. खाली गोल, शाळकरी अक्षरात सही होती: सुमन दिनकर कांबळे. नातं, आई.

मी ती सही किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. त्यांच्याच फाईलमध्ये, त्यांच्याच सिस्टरसमोर केलेली सही. मुरगूडकर पोरीची आई कांबळे आहे हे पहिल्यापासून तिथं लिहिलेलं होतं. कारकुनानं फाईल उघडली असती तर एका मिनिटात मिटलं असतं. मी सुमनला विचारलं असतं तरीही.

मी तो कागद तिच्यासमोर धरला.

"मग?" ती म्हणाली. "माझंच नाव हाय न्हवं?"

मी म्हणालो, तेव्हा हे सांगितलं असतंस तर.

"तुमी काय सांगितला मला? नियम न्हाई म्हणून देत न्हाईत. नावावरनं अडलंय म्हणून बोलला असता तर मी तिथं जाऊन बसलो नसतो काय?" आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, 'मी बसलो', 'मी गेलो'. एवढं बोलून तिनं मेथी पुढं ओढली.

वही

पल्लवी आता अकरावीत आहे. चार वर्षं झाली, गोळी नाही, सूज नाही. मीठ बेतानं खाते.

हे छापायला द्यायच्या आधी मी तिला वाचायला दिलं. फाईल तिची, पाठ तिची. शिवाय ते दिवस कशात गेले हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ती खिडकीत बसून शेवटपर्यंत वाचत होती. मी उगाच पंपानं सायकलला हवा भरत होतो. हवा भरलेलीच होती.

वाचून झाल्यावर ती आत गेली आणि शंभर पानी वही घेऊन आली. ती वही तिनं अजून ठेवली आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं पान काढून माझ्यासमोर धरलं. ओळीनं फुल्या होत्या. पहिल्या फुलीपुढं तिच्या तेव्हाच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: पप्पा कागद आणणार. आणि मग मिरजेला जायच्या दिवसापर्यंत रोज फुलीपुढं एक एक आकडा.

"मी मोजत व्हतो," ती म्हणाली.

आकडे चौदापर्यंत होते. चिठ्ठी आणि प्रतिज्ञापत्रात तीन दिवस गेले, त्याचा कागद माझ्याकडं आहे. चौदातून तीन गेले.

"तुमी अण्णांच्याकडं आठव्या दिवशी गेलो म्हणून लिहिलाय," पल्लवी म्हणाली. "अकराव्या दिवशी गेलाय."

मी लिहिताना खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. डॉक्टरांनी आठ दिवस दिले होते, आणि मी त्या आठ दिवसांच्या आत हललो, असंच मला इतकी वर्षं आठवत होतं. वर आठ लिहिलंय ते मी बदललेलं नाही. तुम्ही अकरा वाचा.